‘आम्ही हाय की!’ एवढ्यावर मोटरहोम घेऊ नका

माझ्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, ड्रायव्हरच्या सीटमागं एक प्लास्टिकची फाइल लटकवलेली आहे. तिच्यात सात वॉरंटी कार्डं आहेत. मूळ गाडीचं एक, बॉडी बांधणाऱ्याचं एक, मग बॅटरी, इन्व्हर्टर, एसी, फ्रीज आणि सोलर पॅनेल. टायरचं धरलं तर आठ. प्रत्येकावर तारीख वेगळी, मुदत वेगळी, फोनचा नंबर वेगळा आणि ‘हे आमच्यात बसत नाही’ असं सांगायची तऱ्हाही वेगळी.

गाडी ठरवताना मी समजून चाललो होतो की वस्तू एक, म्हणजे वॉरंटीही एकच असणार. बॉडीवाल्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, “साहेब, कशाला काळजी करतासा? आम्ही हाय की!” कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकलं की बरं वाटतं. आपले निम्मे व्यवहार ह्याच भरवशावर होतात आणि बरेचसे नीट पारही पडतात. पण पहिल्याच पावसाळ्यात गगनबावड्याला रात्री दोन वाजता नाकावर पाण्याचा थेंब पडला आणि ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न मला पडला. त्या थेंबाची गोष्ट पुढं येईलच. आधी, नव्यानं गाडी घेणाऱ्यानं काय काय आणि कोणत्या क्रमानं करायचं ते सांगतो.

पायरी १ : कोणता भाग कुणाचा, ते कागदावर मांडून घ्या

आपल्याकडं मोटरहोम शोरूममध्ये तयार उभं असलेलं फारसं दिसत नाही. फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, टाटा विंगर असली एखादी गाडी घ्यायची आणि ती पुण्यात, बंगळुरात किंवा केरळात कुठंतरी बांधून घ्यायची, हीच नेहमीची रीत. त्यामुळं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग हे मूळ कंपनीच्या गळ्यात. छप्पर, खिडक्या, फर्निचर, पाण्याच्या टाक्या, नळ, आतलं वायरिंग हे बॉडीवाल्याच्या. एसी, फ्रीज, इन्व्हर्टर आपापल्या कंपन्यांच्या. टायर आणि स्टार्टिंगची बॅटरी नवीकोरी असली तरी गाडीची कंपनी सहसा त्यांचं ओझं अंगावर घेत नाही, टायरवाल्याकडं आणि बॅटरीवाल्याकडं बोट दाखवते.

इथवर सगळं सरळ आहे. भांडण लागतं ते सांध्यावर. समजा, गाडी चालू असताना इंजिनाच्या अल्टरनेटरवरून (वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) आतली बॅटरी चार्ज होत नाही. सर्व्हिस सेंटरवाला बॉनेट उघडून म्हणणार, “तुमच्या बॉडीवाल्यानं आमच्या हार्नेसमधून, वायरींच्या जुडग्यातून, लाइन ओढली आहे, आम्ही हात लावणार नाही.” बॉडीवाला म्हणणार, “अल्टरनेटर कंपनीचा आहे.” इन्व्हर्टरवाला म्हणणार, “इनपुटच कमी येतंय.” तिघांचंही थोडंथोडं खरं असतं आणि गाडी तुमच्या दारात उभी राहते.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी बॉडीवाल्याकडून एक पान लिहून घ्या. डावीकडं भाग, मध्ये जबाबदार कोण, उजवीकडं मुदत आणि ती कोणत्या तारखेपासून. खाली एक वाक्य घालायला लावा : आम्ही बसवलेल्या कोणत्याही उपकरणाची वॉरंटीतली तक्रार आम्ही स्वतः त्या कंपनीकडं लावून धरू. ह्या एका वाक्यावर बॉडीवाला कसा चेहरा करतो, ते नीट बघा. जो हसत सही करतो त्याच्याकडं पुढं बोलायला जागा आहे. जो “असलं काय लिहून देत न्हाय आम्ही” म्हणतो, त्याच्याकडं गाडी कितीही देखणी बनत असली तरी मी दुसऱ्यांदा विचार करीन.

हे पान कराराला जोडा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून असल्या करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. गाडीच्या किमतीपुढं ते चहापाणी समजा.

पायरी २ : गाडी कायद्यात बसते का, ते बघा

तुम्ही म्हणाल, वॉरंटीच्या गोष्टीत हे कुठून आलं? गाडीची बांधणीच बेकायदा निघाली, तर मूळ कंपनी वॉरंटी नाकारते, विमावाला दावा नाकारतो आणि दोघांना ते सोपंही जातं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती मूळ कंपनीच्या नमुन्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद झाली. म्हणजे जुनी प्रवासी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, नेऊन ‘आतून जरा घरासारखी करून द्या’ म्हणणं महागात पडू शकतं. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. अडचण हाताची नसते, शिक्क्याची असते.

रीतसर मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आपल्या मोटरहोमसाठीच, एआयएस-१२४ हे मानक आहे. बॉडीवाल्यानं त्याप्रमाणं पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजुरी घेतलेली असते. त्या मंजुरीची प्रत मागा आणि तिच्यावरचं मॉडेल तुम्ही घेताय तेच आहे ना, ते बघा. चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांच्या नुसत्या सांगाड्यावर, बॉडी बांधली असेल तर फॉर्म २२-अ येतो. त्याचे दोन भाग असतात. पहिला चासीच्या कंपनीचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. दुसरा भाग कोरा असेल किंवा भलत्याच नावाचा असेल, तर तिथंच थांबा. एमएच ०९ ची पाटी लागल्यावर आरसीवर गाडीचा वर्ग काय छापून आलाय, तोही चष्मा लावून वाचा.

पायरी ३ : वॉरंटीचं घड्याळ कधी चालू होतं?

माझा सगळ्यात जास्त तोटा इथं झाला, म्हणून जरा थांबून सांगतो.

चासीची वॉरंटी साधारणपणे तिच्या विक्रीच्या तारखेपासून धरतात. तुम्ही चासी फेब्रुवारीत घेतली, ती बांधायला गेली आणि बॉडीवाल्यानं ‘दीड महिना’ म्हणत जुलैत हातात दिली, तर पाच महिन्यांची वॉरंटी गाडी एक किलोमीटरही न चालता संपली. उपकरणांचं तर ह्याहून वाईट. बॉडीवाले फ्रीज, एसी, बॅटऱ्या घाऊक घेऊन ठेवतात. माझ्या इन्व्हर्टरच्या बिलावर माझी गाडी बुक व्हायच्याही आधीची तारीख होती, आणि बिल होतं बॉडीवाल्याच्या नावावर. कंपनीच्या लेखी मी त्या इन्व्हर्टरचा कुणीच लागत नव्हतो.

ह्यावर तीन गोष्टी करता येतात. एक, चासीची खरेदी आणि बांधणीची सुरुवात ह्यांत रिकामा काळ ठेवू नका; बॉडीवाल्याच्या शेडमध्ये तुमचा नंबर लागल्याशिवाय चासी उचलू नका. दोन, प्रत्येक उपकरणाचं जीएसटी बिल तुमच्या नावावर, निदान तुमच्या गाडीच्या चासी नंबरचा उल्लेख करून मागा. तीन, बॉडीवाल्याची स्वतःची वॉरंटी गाडी ताब्यात दिल्याच्या तारखेपासून, असं स्पष्ट लिहून घ्या. उशीर झाला तर तितके दिवस मुदत वाढेल, असंही लिहून मागायला काय हरकत आहे? फार तर नाही म्हणेल.

आणखी एक. कार्डावर महिने आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असतात आणि ‘जे आधी संपेल ते’ अशी अट असते. टॅक्सीवाल्याचे किलोमीटर आधी संपतात, आपले महिने. मोटरहोम वर्षातून आठ-दहा हजार किलोमीटर फिरलं तरी खूप. तेव्हा लाखभर किलोमीटरच्या वॉरंटीनं हुरळून जाऊ नका, महिन्यांचा आकडा बघा.

सर्व्हिसचंही तसंच. ‘गाडी तीन महिने दारातच होती, सर्व्हिस कशाला?’ असं म्हणून मुदत चुकवणारे भेटतात. वेळापत्रकातली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, महिन्यांच्या हिशेबानं झाली नसेल, तर पुढं इंजिनाच्या तक्रारीत पहिला प्रश्न त्यावरूनच निघतो.

पायरी ४ : गाडी काट्यावर घाला

ही पायरी मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण हसण्यावारी नेतात.

प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते आणि ती आरसीवर लिहिलेली असते. त्याच्या वर वजन गेलं, तर स्प्रिंग, एक्सल, ब्रेक आणि टायर ह्यांच्या तक्रारीत कंपनीला ‘ओव्हरलोड’ हा शब्द आयता सापडतो. चाकावर घर बांधताना वजन गुपचूप वाढत जातं. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो झाले. ट्युब्युलर बॅटऱ्या दोन घेतल्या की आणखी शंभरच्या आसपास. आमच्या घरून हट्ट होता की ओटा ग्रॅनाइटचाच पाहिजे. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला जवळपास ५० किलो भरतो. ओट्याच्या वादात मी हरलो, पण गाडी काट्यावर घालायचीच, एवढं कबूल करून घेतलं.

ऊस तोडणीचा हंगाम होता. शिरोलीच्या बाजूला एका वजनकाट्यावर गेलो. पुढं दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागं भंगाराचा टेम्पो, मध्ये आमची पडदे लावलेली गाडी. काट्यावरच्या पोरानं खिडकीतून डोकावून विचारलं, “काका, माल काय हाय?”

“घर आहे.”

“घराचं वजन कशाला करतासा?”

पावती आली. भरलेली टाकी आणि आम्ही दोघं धरून मर्यादेला फक्त १८० किलो कमी. म्हणजे मुलगी-जावई आणि त्यांच्या दोन बॅगा चढल्या की खेळ खलास. ग्रॅनाइट निघाला, त्या जागी हलकं लॅमिनेट आलं आणि टाकी अर्धीच भरायची असं ठरलं. ती पावती फाइलमध्ये आहे. पुढं कधी स्प्रिंगवरून वाद झालाच, तर माझ्याकडं शब्दाऐवजी छापील आकडा आहे.

तुम्ही गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच बॉडीवाल्याला काट्याची पावती मागा. रिकाम्या गाडीची एक, टाक्या भरून एक.

पायरी ५ : वायरिंग आणि इंजिन – वॉरंटी इथं घसरते

नवीन गाड्यांची वायरिंग म्हणजे मज्जातंतूंचं जाळं. पूर्वीसारखं एक वायर सोलून दुसरी पिळून जोडायचे दिवस गेले. आतल्या दिव्यांसाठी, पंख्यांसाठी, पंपासाठी वेगळा हार्नेस, वेगळा फ्यूज बॉक्स आणि वेगळी बॅटरी असायला हवी. अल्टरनेटरवरून आतली बॅटरी चार्ज करायची असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर आतली बॅटरी नीट भरणारं उपकरण) बसवायला सांगा, आणि ही जोडणी मूळ कंपनीच्या बॉडी-बिल्डरसाठीच्या सूचनांप्रमाणं केली आहे असं बॉडीवाल्याकडून लिहून घ्या. वायरिंगचा नकाशा मागा. तो हातानं काढलेला असला तरी चालेल, मात्र हवाच. वर्षभरानं तो मिस्त्री काम सोडून गेलेला असतो आणि लाल वायर कुठं जाते ते त्याच्या डोक्यात राहतं.

इंजिनाबद्दल एकच, पण मोलाचं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, तासन् तास एसी खाल्ला की तो फिल्टर चोंदतो. रस्त्यावर वेगानं चालली तरच ती काजळी जळून जाते. असा चोंदलेला फिल्टर ‘वापरण्याची चूक’ म्हणून वॉरंटीबाहेर काढला जाऊ शकतो. झोपताना एसी पाहिजे असेल, तर तो बॅटरीवर किंवा बाहेरच्या लाइटवर चालेल अशीच सोय करून घ्या.

पायरी ६ : पाणी

आता तो थेंब.

गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला पावसाचा बालेकिल्ला. जुलैचा दुसरा आठवडा. घाटाच्या अलीकडं एका ओळखीच्याच्या अंगणात गाडी लावून झोपलो होतो. पहिला थेंब नाकावर, दुसरा कपाळावर. टॉर्च लावला तर छताच्या एसीच्या कडेनं ओल उतरून प्लायवूडवर बशीएवढा डाग पडला होता. सकाळी बॉडीवाल्याला फोन. तो म्हणाला, “तिकडं पाऊस जास्त पडला आसंल.” आता गगनबावड्याला पाऊस जास्त पडणार नाही तर काय ऊन पडणार?

करारात ‘लीकेज : एक वर्ष’ असं होतं. खालच्या बारीक अक्षरांत ‘सीलंट हा झिजणारा माल असून वॉरंटीत नाही’ असंही होतं. सीलंट म्हणजे फटी बुजवायचा लेप, आणि मोटरहोमच्या छतावर गळती होते ती सीलंटमधूनच! एसीचा कट, व्हेंटची झाकणं, सोलरचे स्क्रू, खिडक्यांच्या चौकटी, छपरात जितकी भोकं तितके पाहुणे. थोडक्यात, गळतीची वॉरंटी होती, पण गळती जिथून होते ती जागा सोडून. तीन आठवडे फोनाफोनी झाल्यावर त्यानं दुरुस्ती करून दिली, पण गाडी त्याच्याकडं न्यायचं डिझेल, टोल आणि दोन दिवस माझे.

त्यातून जे शिकलो ते असं. करारात ‘गळती, सीलंटच्या सांध्यांसह, आणि तिच्यामुळं खराब झालेलं प्लायवूड व इन्सुलेशन’ असा शब्दप्रयोग मागा. नुसती फट बुजवून मागचा कुजलेला प्लाय तसाच राहिला तर काय उपयोग? प्लायवूड कोणतं, तेही लिहून घ्या. आयएस ७१० हा शिक्का मरीन प्लायचा असतो. सीलंट दर किती महिन्यांनी तपासायचं आणि त्याची नोंद कोण ठेवणार, हे विचारा. ही तपासणी बऱ्याचदा वॉरंटीची अट असते आणि कुणी ती आपणहून सांगत नाही.

आणि पुण्याच्या पुढं गाडी बांधून घेणार असाल तर न विसरता विचारायचं : वॉरंटीतल्या कामासाठी गाडी आणायचा खर्च कुणाचा? कोल्हापूर-पुणे एका बाजूनं साधारण २३० किलोमीटर. नळ गळतोय म्हणून कुणी तिकडं जात नाही. अमुक रकमेपर्यंतचं काम इथल्या मिस्त्रीकडून करून घ्या, फोटो आणि बिल पाठवा, पैसे देऊ, असं कलम मिळालं तर सोन्याहून पिवळं. माझ्या माहितीतल्या एकानं हे कलम मिळवलं आणि आतापर्यंत तीनदा वापरलं.

पायरी ७ : घरातली उपकरणं रस्त्यावर

स्वस्तात होतंय म्हणून बरेच बॉडीवाले घरगुती फ्रीज बसवतात. त्याच्या कार्डावर ‘घरगुती वापरासाठी, एका जागी बसवलेला’ अशा अर्थाची ओळ सापडण्याची दाट शक्यता आहे. आमचा फ्रीज आजऱ्याकडच्या रस्त्यावर बंद पडला. कस्टमर केअरच्या मुलीनं पत्ता विचारला. मी खरं बोललो. ती गोंधळून म्हणाली, “सर, गाडी नको, घराचा पत्ता सांगा.” पुढं तंत्रज्ञ आला, फ्रीज गाडीत बघितला, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि गेला. वॉरंटी बाद. वाहनासाठीच बनवलेला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज महाग असतो, पण त्याच्या कार्डात निदान हे वाक्य नसतं.

सोलर पॅनेलच्या ‘पंचवीस वर्षं वॉरंटी’वर भाळू नका. ती सहसा वीज किती टक्के बनेल त्याची असते. पॅनेलच्या स्वतःच्या दोषाची मुदत वेगळी आणि कमी असते. फांदी लागून काच फुटली तर ती दोन्हींत नाही. लिथियम बॅटरीचं कार्ड वाचताना वर्षांसोबत सायकलचा, म्हणजे ती किती वेळा भरून वापरता येईल त्याचा, आकडा बघा.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? चासीसाठी घ्यायला हरकत नाही, मूळ मुदत संपायच्या आत घेतली तर. पण ती बांधलेल्या भागाला लागत नाही, आणि बदल केलेल्या गाडीला ती देतात का, हे विकणाऱ्याकडून ईमेलवर विचारून घ्या.

पायरी ८ : वॉरंटी कुठं संपते आणि विमा कुठं सुरू होतो

कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पुराचं पाणी, अपघात, चोरी, उंदरानं खाल्लेली वायर ह्यांपैकी काहीच वॉरंटीत येत नाही. उंदरावर हसू नका. उसाच्या फडाशेजारी गाडी लावून बघा.

विम्यात दोन गोष्टी तपासा. गाडीची विमा किंमत नुसत्या चासीवर धरली आहे की बांधणीचा खर्च मिळवून? बिलं देऊन ती पॉलिसीत चढवून घेतली नाही, तर आतलं सगळं घर विमावाल्याच्या दृष्टीनं अदृश्य असतं. दुसरं, पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट मारल्यानं इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुतेकदा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घ्यावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा गाठते, त्या दिवशी मी गाडी उंचावर नेऊन लावतो. ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या रेषेची, वाट बघत नाही.

पायरी ९ : ताबा घेताना घाई नको

बॉडीवाल्याकडं सकाळी दहाला पोचा. नारळ-हार संध्याकाळी. आधी प्रेशर पंपानं छतावर आणि खिडक्यांवर अर्धा तास पाणी मारायला लावा, तुम्ही आत बसा, कोपऱ्यांवर हात फिरवा. सगळी उपकरणं एकदम चालू करून दोन तास ठेवा. वायरला हात लावून गरम लागते का ते बघा. मग एक रात्र त्याच्याच आवारात गाडीत झोपा. बॉडीवाल्याला हे विचित्र वाटतं, पण कुठलं दार कुरकुरतं आणि कुठला पंप रात्री आपोआप चालू होतो, ते अशा रात्रीच कळतं. सापडलेल्या त्रुटी लिहून त्याच्या सहीसह पान घ्या आणि शेवटचा हप्ता त्या निघेपर्यंत हातात राखा. आपल्या हातातली शेवटची दोरी तीच असते.

पायरी १० : बिघाड झाला तर

फोनवर भांडू नका, लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ, त्याच दिवशी ईमेल. सर्व्हिस सेंटरला गेलात की जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. ‘जनरल चेकअप’ असं लिहून मोकळं होण्याची तिथं सवय असते. तोच दोष तिसऱ्यांदा आला हे सिद्ध करायला तीन जॉब कार्डं लागतात.

त्यानं नाही भागलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील लावायची सक्ती नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. करारात ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात’ असं छापलेलं बघून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. निकाल ३ महिन्यांत, चाचणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवा. लांबली तरी फाइल भरलेल्या माणसाची बाजू लंगडी पडत नाही.

एक खोच मात्र आहे. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यापासून ‘स्वतः फिरू आणि उरलेले दिवस भाड्यानं देऊ’ असा बेत बरेच जण करतात. व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूसाठी तुम्ही ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सूट. शिवाय खासगी नोंदणीच्या गाडीनं भाडं मारलं तर विमा आणि उपकरणांची वॉरंटी दोन्ही हलतात. भाड्यानं द्यायची असेल तर पहिल्या दिवसापासून तशीच नोंदणी करा आणि कार्डातल्या अटी त्या नजरेनं वाचा.

पायरी ११ : अकरावा महिना

बॉडीवाल्याची वॉरंटी बहुधा एका वर्षाची असते. अकराव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या शेडची तारीख घ्या आणि वर्षभरात जे जे खटकलं ते एकदम करून घ्या. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. माझी यादी फ्रीजच्या दाराला चिकटवलेली आहे. सध्या तिच्यावर नऊ गोष्टी आहेत. बाथरूमच्या दाराचं बिजागर, उजवीकडच्या खिडकीचं रबर, आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत, छतावरच्या एसीभोवतीचं सीलंट. पुढच्या मंगळवारी निघायचं आहे. त्याला ईमेल गेली आहे आणि ‘या, आम्ही हाय की’ असं उत्तरही आलं आहे. त्याची प्रिंट काढून फाइलला लावली.